ब्रँड व्हॉइस अर्थात व्यवसायाची बोली

ब्रँड व्हॉइस म्हणजे एखादा व्यवसाय आपल्या गिऱ्हाइकाशी ज्या ठरावीक ढंगाने बोलतो तो ढंग. दुकानावरची पाटी, खोक्यावरचा मजकूर, जाहिरात, पावतीखालची ओळ, व्हॉट्सॲपवरचा निरोप, तक्रारीला दिलेले उत्तर आणि फोन उचलणाऱ्याचे पहिले वाक्य, हे सगळे त्यात येते. बोधचिन्ह आणि रंग यांची ओळख डोळ्यांना पटते, बोलीची कानाला. नाव झाकून मजकूर वाचला तरी ‘हे अमक्यांचंच’ असे कळले, तर त्या व्यवसायाला स्वतःची बोली आहे असे समजावे. मराठीत या संज्ञेला सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही. जाहिरात क्षेत्रातले लोक ‘ब्रँड व्हॉइस’ किंवा नुसते ‘टोन’ म्हणतात. या नोंदीत ‘बोली’ हा शब्द त्या अर्थी घेतला आहे, वऱ्हाडी किंवा मालवणी या अर्थी नव्हे.

बोली आणि सूर यांत फरक करावा लागतो. माणूस बारशाला वेगळा बोलतो आणि दहाव्याला वेगळा, पण माणूस तोच असतो. व्यवसायाची बोली तशी कायम राहते आणि प्रसंग पाहून सूर बदलतो. मेलचिंप या अमेरिकी ईमेल सेवा कंपनीने हा फरक आपल्या लेखन मार्गदर्शिकेत सविस्तर मांडला आणि ती मार्गदर्शिका सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी तिच्याच धर्तीवर आपापल्या मार्गदर्शिका तयार केल्या. सुसंगती म्हणजे एकच विनोद सगळीकडे करणे, असा गैरसमज त्यानंतरही टिकून आहे. पैसे अडकलेल्या माणसाला खेळकर उत्तर देणारी कंपनी आपली बोली पाळत नसते, ती समोरच्याचे ऐकतच नसते.

पाटीपासून सुरुवात

ही संज्ञा नवी, गोष्ट जुनी. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही महाराष्ट्रातल्या दुकानांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसणारी ओळ पाहा. तिच्यात मालाचे वर्णन नाही, किंमत नाही, या-बसा नाही. तरी दुकानदाराचा स्वभाव त्या चार शब्दांत पुरता उतरतो : माल इथेच मिळेल, नावाची नक्कल करणाऱ्यांपासून सावध राहा आणि आम्हाला वाढायची घाई नाही. गल्ल्यामागे बसलेले काका प्रत्यक्षातही तसेच बोलत, म्हणून ती पाटी खरी वाटे. एकट्या मालकाच्या दुकानात बोली आपोआप सुसंगत असते. पाटी लिहिणारा, माल देणारा आणि तक्रार ऐकणारा माणूस एकच असतो. दुसरी शाखा उघडली, कामाला दहा माणसे आली आणि जाहिरात बाहेरच्या एजन्सीकडे गेली की मग ती बोली मुद्दाम सांभाळावी लागते.

मराठी उद्योगात हे भान फार लवकर आले, याची साक्ष किर्लोस्करवाडीत मिळते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत होता. माल विकण्याआधी तो समज दूर करणे भाग होते, म्हणजे शेतकऱ्याला पटेल अशा भाषेत बोलणे भाग होते. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याचे ते पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाचे मासिक झाले आणि १९३० मध्ये त्याच्या जोडीला ‘स्त्री’ आले. अवजारे विकणाऱ्या कारखान्याच्या घरातून निघालेली ही मासिके मराठी मध्यमवर्गाने साहित्य म्हणून वाचली. नवे वापरून बघा, रूढी म्हणून काही धरून ठेवू नका, हा त्यांचा स्वर नांगराच्या जाहिरातीत होता तसाच लेखांतही होता. भारतीय उद्योगाच्या इतिहासात याच्या तोडीची उदाहरणे फार थोडी आहेत. ब्रँड व्हॉइसचे धडे देताना मराठी लोकही अमेरिकी कंपन्यांपासूनच सुरुवात करतात, याची खंत वाटते.

केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या विको कंपनीची गोष्ट निराळी. त्यांची हळदीची क्रीम ‘नहीं कॉस्मेटिक’ आहे, हे शब्द दूरचित्रवाणीवर आणि सिनेमागृहांत वर्षानुवर्षे घुमत राहिले. ऐकणाऱ्याला ती यमकाची गंमत वाटे. पण क्रीम सौंदर्यप्रसाधन मानायची की आयुर्वेदिक औषध, यावरून कंपनीचा अबकारी खात्याशी दीर्घ वाद चालला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. जाहिरातीत जो दावा तोच न्यायालयात. आयुर्विमा महामंडळाने गीतेच्या नवव्या अध्यायातले ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ (तुमच्या योगक्षेमाची काळजी मी वाहतो) हे शब्द बोधचिन्हाखाली घेतले, त्यातही असाच एक शब्द दिलेला आहे, आणि विम्याच्या धंद्यात दिलेल्या शब्दापलीकडे विकायला दुसरे काही नसतेच.

अमूलची मुलगी

भारतात दीर्घकाळ टिकलेल्या बोलीचे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण अमूल लोण्याच्या फलकांचे आहे. गुजरातेतील आणंद येथे १९४६ मध्ये नोंदलेल्या खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचे हे लोणी. त्या काळी बाजारात पॉल्सन लोण्याचा दबदबा इतका, की मुंबईत खुशामतीलाही ‘पॉल्सन मारणे’ म्हणत. १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्या एजन्सीकडे अमूलचे काम आले. चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी एक छोटी मुलगी काढली : निळे केस, त्यावर रिबीन, अंगात ठिपक्यांचा फ्रॉक, गोबरे गाल, डोळ्यांत खोडकरपणा. सिल्व्हेस्टर यांच्या पत्नी निशा यांच्या सुचवण्यातून ‘अटर्ली बटर्ली डिलिशियस’ ही ओळ जुळली. ‘बटर्ली’ असा शब्द इंग्रजीच्या कोणत्याही कोशात नव्हता, पण लहान मुलाने तो सहज बनवला असता. बोली तिथेच ठरली. बोलणारे मूल आहे, ते हुशार आहे, चावट नाही, आणि मोठ्यांच्या जगात काय चालले आहे ते सगळे त्याला कळते.

सुरुवातीचे फलक लोण्याविषयीच बोलत. मग मुलगी गावगप्पांवर बोलू लागली. मुंबईत हरे राम हरे कृष्ण पंथाची लाट आली तेव्हा ‘हरी अमूल, हरी हरी’ असा फलक लागला (इंग्रजीत ‘हरी’ म्हणजे घाई करा). आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीची दहशत असताना, १९७६ मध्ये, हातात लोण्याचा ट्रे घेतलेल्या मुलीच्या तोंडी ‘आम्ही नेहमीच सक्तीचे स्टरिलायझेशन पाळत आलो आहोत’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य होते. निर्जंतुक करणे आणि नसबंदी यांना इंग्रजीत एकच शब्द आहे, त्यावरचा हा श्लेष. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर असताना लोण्याची जाहिरात हे बोलून गेली, आणि ते चालले, कारण दहा वर्षे ती मुलगी असेच बोलत आली होती. नव्या जाहिरातीने पहिल्याच दिवशी हे धाडस केले असते, तर ते आगाऊपणाचे वाटले असते.

सगळे फलक गोड मानून घेतले गेले असेही नाही. गणेशोत्सवात ‘गणपती बाप्पा मोर घ्या’ असा फलक लागला. ‘मोरया’त इंग्रजी ‘मोर’ आणि मराठी ‘घ्या’ बसवलेला हा श्लेष मुंबईबाहेर सुचला नसता, आणि त्याच मुंबईत त्यावरून शिवसेनेचा रोषही ओढवला. इंडियन एअरलाइन्सच्या संपावरचा फलक लागला, तेव्हा विमानातून अमूल लोणी बंद करण्याचा इशारा मिळाला होता. दोन्ही वेळा मुलगी पुढे गप्प झाली नाही.

एवढी वर्षे बोली एकसारखी कशी राहिली, याचे उत्तर कामाच्या रीतीत आहे. अमूलचे प्रमुख वर्गीस कुरियन यांनी एजन्सीला प्रत्येक फलक मंजुरीसाठी पाठवण्याची अट घातली नाही. ताज्या बातमीवरचा फलक पाच अधिकाऱ्यांच्या सह्यांतून जाता, तर तो शिळा तरी झाला असता किंवा गुळगुळीत तरी. दुसरे म्हणजे लिहिणारे हात फार थोडे होते. सिल्व्हेस्टर यांच्यानंतर त्यांचे पुत्र राहुल यांनी सूत्रे घेतली. मराठी आणि हिंग्लिश रंगभूमीवरून परिचित असलेले भरत दाभोळकर काही काळ या कामात होते. मनीष झवेरी शब्द लिहीत आणि जयंत राणे चित्र काढत, अशी जोडी पुढे कित्येक वर्षे टिकली. श्रद्धांजलीच्या फलकावर रंग उतरतात, शब्द हळवे होतात, पण बोलणारी तीच असते. बोली आणि सूर यांतला वर सांगितलेला फरक इथे एका नजरेत दिसतो.

मराठीत बोली ठरवताना

इंग्रजीतून आलेल्या मार्गदर्शिका ‘मैत्रीपूर्ण पण व्यावसायिक’ अशा विशेषणांवर भर देतात. मराठीत त्या विशेषणांआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, जो इंग्रजीत उद्भवतच नाही : गिऱ्हाइकाला तू, तुम्ही की आपण? ‘तू’ म्हटले की जवळीक येते, पण क्रियापदाला लिंग लावावे लागते. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’, हे यंत्राने पाठवलेल्या निरोपाला ठाऊक नसते. ‘तुम्ही आलात’ म्हटले की ती अडचण सुटते. ‘आपण’ आदराचे खरे, पण ते द्व्यर्थी आहे. ‘आपण उद्या निघू’ यात बोलणाराही धरलेला असतो. पतसंस्थेने ‘आपली ठेव सुरक्षित आहे’ असे कळवले, तर ती तुमची की सगळ्यांची, हा प्रश्न अगदीच गैर नाही. दुसरीकडे हेच ‘आपण’ सहकारी दूध संघाच्या फार कामाचे आहे. सभासद तिथे गिऱ्हाईक नसून मालक असतो, आणि ‘आमचा संघ’ व ‘आपला संघ’ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आज्ञार्थाचेही तसेच. ‘येथे वाहन लावू नये’, ‘गाडी लावू नका’ आणि ‘कृपया गाडी पुढे लावा’ ही तीन वेगवेगळ्या माणसांची वाक्ये आहेत. एकाच ॲपमध्ये पहिल्या पानावर ‘सुरू कर’, दुसऱ्यावर ‘पुढे चला’ आणि तिसऱ्यावर ‘आपण तपशील भरावा’ असे दिसले, की तीन भाषांतरकारांनी एकमेकांना न विचारता काम केले आहे हे कळते. मराठीतला बहुतेक विस्कळीतपणा असाच येतो. मूळ मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत, मराठी शेवटच्या दिवशी. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना ती लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या लागल्या, हे चांगलेच झाले. मात्र नाव देवनागरीत आणि आतला सगळा व्यवहार भाषांतरित सरकारी मराठीत, अशी दुकाने पुष्कळ आहेत.

बोलीची खरी परीक्षा चूक झाल्यावर होते. दिवाळीत फराळाची मागणी वेळेत पोचली नाही, तर सर्वसाधारणपणे असा निरोप येतो : ‘प्रिय ग्राहक, तांत्रिक कारणास्तव आपली ऑर्डर विलंबित झाली आहे. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ हा कोणाचाही निरोप असू शकतो, बँकेचा किंवा वीज कंपनीचाही. त्याच दुकानाची बोली घरगुती असेल, तर तोच निरोप असा हवा : ‘तुमची चकली आज संध्याकाळी पोचायची होती. भाजणी कमी पडली, चूक आमची आहे. उद्या सकाळी अकराच्या आत घरी येईल. थांबायचं नसेल तर सांगा, पैसे आजच परत करतो.’ कारण सांगितले, वेळ सांगितली, पैशांचे सांगितले. ‘तांत्रिक कारणास्तव’ हे शब्द गेले की लपायला जागा राहत नाही, आणि म्हणूनच अनेकांना ते सोडवत नाहीत.

प्रत्यक्ष बांधणी

कामाची सुरुवात नवे शब्द शोधण्यापासून करू नये. आधी गेल्या वर्षभरातला स्वतःचा मजकूर एकत्र काढून मोठ्याने वाचावा : पावत्या, निरोप, जाहिराती, तक्रारींना दिलेली उत्तरे. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करावी. मग गल्ल्यावरचा सर्वांत लाडका माणूस गिऱ्हाइकाशी कसा बोलतो ते ऐकून लिहून घ्यावे. बहुतेक वेळा व्यवसायाची बोली तिथे आधीच तयार असते. नीलसन नॉर्मन ग्रुप या अमेरिकी संशोधन-सल्लागार कंपनीने २०१६ मध्ये मांडलेले चार अक्ष (गमतीदार की गंभीर, औपचारिक की अनौपचारिक, आदबशीर की बेधडक, उत्साही की वस्तुनिष्ठ) आपण कुठे उभे आहोत हे तपासायला उपयोगी पडतात. पण त्यांवर खुणा केल्या म्हणजे बोली सापडली असे होत नाही.

त्यानंतर एक वही करावी. जाडजूड पुस्तिका कोणी उघडत नाही, दोन पानांची वही गल्ल्याजवळ राहते. तीत गिऱ्हाइकाला काय म्हणायचे, ‘क्षमस्व’ म्हणायचे की ‘माफ करा’, ‘ऑर्डर’ चालेल की ‘मागणी’, ‘डिलिव्हरी’ला काय म्हणायचे, आकडे देवनागरीत की रोमन, कोणते शब्द आपण कधीच वापरत नाही, हे असावे. प्रत्येक नियमाशेजारी एक चुकीचे आणि एक बरोबर वाक्य असावे, कारण नवा मुलगा नियम विसरतो, वाक्य लक्षात ठेवतो. वही कोणा एकाच्या ताब्यात असावी. नवा प्रसंग आला की त्याने त्याच दिवशी त्यावेळचे उत्तर वहीत उतरवून ठेवावे, म्हणजे पुढच्या दिवाळीत भाजणी पुन्हा कमी पडली, तर फोन कोणीही उचलला तरी गिऱ्हाइकाला तेच दुकान बोलताना ऐकू येईल.