रूळ जातात, उतार राहतो

परशुराम घाटात सायकल दामटलेला माणूस पुन्हा सहसा त्या वाटेला जात नाही. म्हणून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर परदेशात सायकली फिरतात असं सांगितलं, की आपल्याकडे उत्तर तयार असतं: ‘ते सपाट मुलखात. कोकणात डोंगर आहेत.’ गफलत इथेच होते. डोंगराळ मुलखातच जुना रेल्वेमार्ग सर्वांत मोलाचा.

पोलाद कठीण. चाक आणि रूळ दबत नाहीत, म्हणून गाडी थोड्या ताकदीत धावते. पण पोलादाची पोलादावर पकडही कमीच. कोरड्या रुळावर इंजिन स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाइतकीच ओढ देऊ शकतं. त्यापुढे चाकं जागीच गरगरतात. म्हणजे 120 टनी इंजिनाची ओढ 30 टन. आता इंजिनासकट 3000 टनांची गाडी 1:100 चढावर आणा, म्हणजे 100 मीटर अंतरात 1 मीटर उंची. वजनाचा शंभरावा भाग, बरोबर 30 टन, तिला मागे खेचणार. सगळी ओढ तिथेच संपली! चढ 1:150 केला की ही खेच 20 टनांवर येते आणि 10 टन हाताशी उरतात. कोकण रेल्वेचा कमाल चढ 1:150 ठेवला तो यासाठीच. आपल्या पावसात रूळ भिजले की पकड आणखी घटते. एवढ्या सौम्य उतारासाठी 90 हून अधिक बोगदे खोदावे लागले.

रूळ उचलले तरी हा उतार जमिनीत कायम राहतो. सायकलीसकट 90 किलोचा माणूस ताशी 12 किलोमीटरने 1:20 चा घाट चढताना नुसत्या उंचीसाठी सुमारे 147 वॅट खर्चतो. 1:150 वर लागतात 20. हवा आणि टायरसाठी आणखी तीसेक धरा. साठीतल्या मावशींनाही जमेल असं हे गणित आहे.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधला एलरॉय-स्पार्टा सायकलमार्ग 1960 च्या दशकात असाच, बंद रेल्वेमार्गावर, तयार झाला. त्यावर तीन बोगदे आहेत. बोगदा म्हटलं की आपल्याकडे लगेच भुताची गोष्ट निघते, ‘आतून गार श्वास येतो’ म्हणून. खडकाचं तापमान वर्षभर जवळपास सारखं असतं. मे महिन्यात बाहेर हवा तापते, आतली गार आणि जड हवा खालच्या तोंडातून वाहत बाहेर येते. श्वास तो एवढाच.

कोकण रेल्वे धावती आहे, त्या रुळांवर फिरायला मुळीच जाऊ नये. पण उद्या एखादा जुना फाटा खरंच बंद झाला, तर आधी खडीकडे पाहावं. तिच्या टोकदार कडा एकमेकींत अडकतात, म्हणून ती रूळ घट्ट धरते, आणि म्हणूनच तिच्यावर पाय मुरगळतो. ती उचलून किंवा दाबून वर दगडाची चुरी पसरून रोलर फिरवायचा. चिरे मात्र बसवू नयेत, श्रावणापर्यंत त्यांवर शेवाळ धरतं. आणि कडेची गटारं, मोऱ्या पहिल्या पावसाआधी साफ हव्यात. पाणी तुंबलं की भराव आतून भिजतो आणि एका रात्रीत खचतो.