मेसन बरणी : जुन्या नगांची पारख व संग्रह

फळे-भाज्या शिजवून हवाबंद साठवण्यासाठी अमेरिकेत घरोघरी वापरली गेलेली, गळ्याला आटे असलेली काचेची बरणी म्हणजे मेसन बरणी. पत्र्याचे काम करणाऱ्या जॉन लँडिस मेसन याने ३० नोव्हेंबर १८५८ रोजी या आट्यांच्या गळ्याचे पेटंट (क्र. २२,१८६) घेतले. त्याआधी काठाच्या खोबणीत पत्र्याचे झाकण बसवून वर वितळवलेले मेण ओतत. ते काढताना फोडावे लागे आणि त्याचे तुकडे आत पडत. मेसनच्या बरणीत जस्ताचे फिरकीचे झाकण आणि खांद्यावर बसणारे रबरी वायसर आले. मात्र अन्नाला जस्त लागून धातूची चव उतरे. लुइस बॉइड याने १८६९ मध्ये झाकणाच्या आत दुधी काचेची चकती बसवून ही अडचण दूर केली.

बरणीवरची तारीख ही नवख्या संग्राहकाची पहिली फसगत असते. ‘मेसन्स पेटंट नोव्हेंबर ३०, १८५८’ ही उठावाची अक्षरे पेटंटची आहेत, बरणी घडवल्याची नव्हेत. पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कारखान्यांनी हाच मजकूर साच्यात कोरला आणि तो विसाव्या शतकातही चालू राहिला. म्हणून वय ठरवताना अक्षरांपेक्षा काठ आणि बूड यांवर भिस्त ठेवावी.

काठावरून बोट हलकेच फिरवावे. हाताने फुंकलेल्या बरणीत साच्याच्या वर उरलेली काच तोडून काठ घासून सपाट करीत. असा काठ खरखरीत व धुरकट पांढरा असतो आणि त्याच्या बाहेरच्या कडेला बारीक टवके हमखास आढळतात. घासताना उडालेले हे टवके दोष मानत नाहीत. काठ गुळगुळीत व गोलसर असेल तर बरणी यंत्रावरची, म्हणजे बहुधा १९०० नंतरची. बाटल्यांसाठीचा ‘साच्याची सांधारेघ ओठाच्या खाली थांबली तर हातकाम’ हा ठोकताळा इथे लावू नये. बरणीचे आटेही साच्यातच घडत, त्यामुळे हातकामाच्या नगावरही रेघ घासलेल्या काठापर्यंत जाते. बुडावर मध्यापासून सरकलेले, पिसासारख्या कडेचे ओबडधोबड वर्तुळ दिसले तर ती ओवेन्स या काचेच्या बाटल्या घडवणाऱ्या स्वयंचलित यंत्राची खूण. तिथले आकडे साच्याचे क्रमांक असतात, वर्षे नव्हेत. ‘१३’ आकड्याच्या बरण्या अपशकुनी म्हणून फोडून टाकल्या गेल्या, ही केवळ आख्यायिका आहे. तिच्यासाठी जास्त दाम मोजू नयेत.

नाममुद्राही मदतीला येतात. इंडियाना राज्यातील मन्सी येथील बॉल बंधूंच्या तिरप्या सहीत शेवटी तिसऱ्या ‘एल’सारखा फास असेल तर काळ साधारण १९००–१९१०. सहीखालची रेघ नसेल तर साधारण १९२३–१९३३. ‘लायटनिंग’ बरणीला काचेचे झाकण व तारेचा खटका असतो. १८८२ पासून बनलेल्या या बरणीच्या बुडावर खटक्याचे हक्क घेणाऱ्या हेन्री पुटनम याचे नाव आढळते.

फिकट निळसर-हिरवा हा काचेतल्या लोहामुळे येणारा सर्वसाधारण रंग. त्या रंगाच्या क्वार्टच्या (सुमारे ९४६ मिलि.) बरण्या मुबलक मिळतात. तपकिरी व गडद निळ्या बरण्या दुर्मीळ, म्हणून नकलाही याच रंगांत जास्त निघाल्या. मँगनीज घातलेली रंगहीन काच उन्हात वर्षानुवर्षे राहिली की फिकट जांभळी होते. बरणी सर्वत्र सारखी गडद जांभळी दिसली तर ती कृत्रिम किरणांनी रंगवली असण्याचा दाट संशय घ्यावा. असा नग संग्रहाच्या दृष्टीने बिघडलेला समजावा, कारण मूळ रंगाचा पुरावाच पुसला गेलेला असतो.

खरेदीपूर्वी बरणी उजेडासमोर फिरवून खांदा, आटे व बुडाची कड यांवरचे तडे पाहावेत. आतला धुकट थर ओला असताना नाहीसा होतो आणि वाळल्यावर परततो. काचेचा पृष्ठभागच झिजल्याची ती खूण असून साबणाने ती जात नाही. काही विक्रेते आतून तेलाचा हात फिरवून ती झाकतात, म्हणून कोरडा कागद आत फिरवून पाहावा.

धुताना कोमट पाणी व सौम्य साबण वापरून रात्रभर भिजवावे. थंड बरणीत गरम पाणी ओतल्यास जुनी चीर सरकून बरणी दुभंगते. तारेच्या घासणीने चरे पडतात. गंजाचे डाग सौम्य ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, मात्र ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत व खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तारेचा खटका किंवा जस्ताचे झाकण असलेल्या जुन्या बरण्यांत पदार्थ हवाबंद करू नयेत. वायसर नीट बसल्याची खात्री करता येत नाही आणि काचेतला जुना ताण उकळत्या पाण्यात उघडा पडतो. कोरडी डाळ किंवा बटणे ठेवायला मात्र त्या उत्तम.