जुनी गिटार घेताना आधी वरची फळी बघा

हाताने घडवलेली जुनी क्लासिकल गिटार विकायला निघाली की पहिला प्रश्न हमखास पाठीच्या लाकडाबद्दल येतो. शिसवी आहे का? असली तर ब्राझिलियन रोझवुड की भारतीय? माझ्या मते हा प्रश्न फार नंतरचा आहे. गिटारचा आवाज घडतो तो मुख्यतः वरच्या फळीत, म्हणजे तारांखालच्या, आवाजाचं भोक असलेल्या फळीत, आणि कारागिराचा कसही तिथेच लागतो.

आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) या स्पेनमधल्या अल्मेरियाच्या कारागिराने आजच्या क्लासिकल गिटारचा आकार, ६५० मिलिमीटरच्या आसपासची तारेची लांबी आणि फळीखाली पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्यांची रचना रुळवली. १८६२ मध्ये त्याने एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. वरची फळी मात्र नेहमीसारखी लाकडाची आणि नेहमीच्याच निगुतीने केलेली. ही गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. फळी चांगली असली की बाकीच्या लाकडावाचून किती निभावतं, हे त्याने वाद्य करूनच दाखवलं.

याचं कारण साधं आहे. तार बारीक असते, तिच्याने हवा फारशी हलत नाही. तिचा कंप घोडीतून फळीत उतरतो आणि फळी हवा हलवते. म्हणजे फळी हलकी आणि लवचीक हवी. पण सहा नायलॉनच्या तारांचा मिळून साधारण ४० किलोंचा ताण त्याच फळीला अहोरात्र सोसायचा असतो, म्हणजे ती भक्कमही हवी. कारागिराचं सगळं काम या ओढाताणीतलं आहे. फळीची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर. वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. त्यामुळे २.५ मिलिमीटरची फळी तासून २.३ केली की जाडी आठ टक्केच घटते, पण ताठपणा जवळजवळ २२ टक्क्यांनी उतरतो. रंध्याचे चार हात जास्त पडले की वाद्याचा स्वभावच बदलला.

त्यात एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या निघत नाहीत. म्हणून चांगला कारागीर केवळ मापावर विसंबत नाही. फळी दोन्ही हातांत धरून वाकवतो, एका कोपऱ्याला चिमटीत धरून बोटाने ठोकतो, कान लावतो, पुन्हा थोडी तासतो. जर्मनीचा कारागीर हेरमान हाउजर याने १९२४ मध्ये प्रसिद्ध स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाची, मान्वेल रामिरेझच्या कारखान्यातली गिटार जवळून पाहिली. सेगोव्हियाने ज्या हाउजर गिटारला पसंती दिली ती १९३७ ची. मधली बारा-तेरा वर्षं हाउजर गिटारी करत, सुधारत राहिला होता. आज ती १९३७ ची गिटार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

वाद्य हातात आल्यावर सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार घ्या आणि पहिल्या फ्रेटपासून (मानेवरच्या पडद्यापासून) पाचव्यापर्यंत एकेक स्वर सारख्याच जोराने वाजवा. पोकळीतल्या हवेचा स्वतःचा एक स्वर असतो, बहुतेक गिटारींत ९० ते १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटपाशी. तो एखाद्या सुरावर नेमका बसला तर तो सूर घुमतो आणि चटकन विझतो. जाणता कारागीर तो दोन सुरांच्या मधे पाडायला बघतो. हीच परीक्षा तिसऱ्या तारेवर २०० हर्ट्झच्या आसपास करावी. तिथे फळीचा स्वतःचा मुख्य कंप असतो.

मग छोटा आरसा आणि दिवा आवाजाच्या भोकातून आत घालून पट्ट्या बघा. एखादी सुटलेली असेल तर फळीवर ठोकल्यावर खरखर ऐकू येते. घोडीच्या मागे फळीला किंचित फुगवटा असणं स्वाभाविक आहे, पण घोडीपुढे खळगा पडलेला असेल तर सावध व्हावं. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची साधारण तीन ते चार मिलिमीटर असते. ती बरीच जास्त असेल आणि घोडीवरचं हाड आधीच घासून खाली आणलेलं असेल, तर मान पुढे झुकली आहे आणि ती दुरुस्ती मोठी आहे.

उभ्या भेगा दिसल्या म्हणून लगेच नाही म्हणू नये. लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेत जवळजवळ आक्रसत नाही, रुंदीत मात्र आक्रसतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवरून ३० वर आली आणि तशीच राहिली, तर मोकळी फळी ३६-३७ सेंटिमीटर रुंदीत दोन-अडीच मिलिमीटर आटेल. पण ती आडव्या पट्ट्यांना आणि बाजूंना चिकटवलेली असते, तिला आटायला वाव नसतो, म्हणून ती रेषेतच फाटते. आतून लाकडाचे छोटे तुकडे लावून नीट सांधलेल्या भेगेने आवाज सहसा बिघडत नाही. जुने कारागीर सरेस वापरत, तो ऊब आणि ओल दिली की सुटतो. अशा गिटारची पाठ उघडून पुन्हा बसवता येते.

जुनी गिटार वाजवून ‘खुलते’ असं वादक सांगतात. वयाने लाकडातला हेमिसेल्युलोज हा घटक हळूहळू विघटित होतो, लाकूड ओलावा कमी घेतं, हे खरं. पण नुसत्या वाजवण्याने आवाज सुधारतो का, यावर मोजमापांचे निष्कर्ष जुळत नाहीत. म्हणून वयासाठी जास्त पैसे मोजू नयेत, आज जो आवाज येतो तोच तोलावा.

आता पाठीचं लाकूड. २०१८ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना ओळखू न देता वाजवायला दिल्या. त्या स्टीलच्या तारांच्या होत्या, तरी निकाल दखल घेण्याजोगा आहे: आवाजाच्या पसंतीत फारसा फरक पडला नाही. ब्राझिलियन रोझवुडचं मोल आवाजापेक्षा दुर्मिळपणात जास्त आहे. १९९२ पासून हे झाड साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये तयार वाद्यांना जी सूट मिळाली ती इतर शिसवी जातींसाठी, याच्यासाठी नाही. तेव्हा अशी गिटार घेतलीच, तर सीमेपार नेण्याआधी तिची कागदपत्रं विक्रेत्याकडून आधीच मागून घ्यावीत.