सौर लिलावात बोली लावायची आहे? पात्रता, कागदपत्रं आणि २५ वर्षांचा करार

सौर प्रकल्पाचा लिलाव जिंकला की सरकार पैसे देतं, असं समजून विचारणारे अजूनही भेटतात. तसं काही नसतं. पैसा तुमचा आणि बँकेचा. लिलावात मिळतं ते गिऱ्हाईक, ठरलेल्या दराने साधारण २५ वर्षं वीज घेणारं. त्या करारावरच बँक कर्ज देते.

वीज कायदा २००३ च्या कलम ६३ नुसार पारदर्शक बोलीतून निघालेला दर नियामक आयोग स्वीकारतो, खर्च मोजून नव्याने ठरवत बसत नाही. मध्य प्रदेशातल्या रीवाच्या ७५० मेगावॅट प्रकल्पाला २०१७ मध्ये पहिल्या वर्षासाठी युनिटला २ रुपये ९७ पैसे दर आला, तेव्हा सगळे चकित झाले होते. त्यामागे स्वस्त पॅनेल होतीच, पण वीजबिल थकलं तर राज्य सरकारची हमीही होती. पैसे बुडण्याची भीती कमी झाली की बोलीही खाली येते.

सेकी (सोलर एनर्जी कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) या केंद्राच्या कंपनीच्या निविदांमध्ये कंपनी एकटी येऊ शकते किंवा कन्सॉर्शियम, म्हणजे कंपन्यांचा गट, करून. कन्सॉर्शियम असेल तर प्रमुख भागीदाराचा हिस्सा किमान ५१ टक्के लागतो. नक्त मूल्याची (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) अट साधारणपणे अंदाजित प्रकल्पखर्चाच्या २० टक्के असते. नेमका आकडा मात्र त्या-त्या निविदेतूनच घ्या, मागच्या वर्षीची फाइल उघडून नव्हे.

कागदपत्रांत सीएचं नक्त मूल्याचं प्रमाणपत्र, लेखापरीक्षित ताळेबंद, संचालक मंडळाचा ठराव, स्टॅम्प पेपरवरचं मुखत्यारपत्र, कन्सॉर्शियमचा करारनामा, भागधारकांचा तपशील आणि डिजिटल सही लागते. कंपनीच्या मेमोरँडममध्ये वीजनिर्मितीचा उद्देश आहे का, तेही आधी पाहा. बयाणा रकमेची बँक गॅरंटी मात्र निविदेतल्या नमुन्याबरहुकूमच हवी. बँकेची शाखा आपल्या नेहमीच्या मसुद्यात दोन ओळी घुसडते आणि शेवटच्या दिवशी धावाधाव होते. मसुदा आधीच दाखवून ठेवा.

तांत्रिक आणि आर्थिक बोली ऑनलाइन, वेगवेगळ्या भरायच्या. तांत्रिक छाननीत टिकलेल्यांचे दर उघडतात आणि मग ई-रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे दर खाली आणत जाण्याचा ऑनलाइन लिलाव, होतं. इथे खरी कसोटी. सेकीच्या पद्धतीत सुरुवातीची वेळ ३० मिनिटांची, शेवटच्या ८ मिनिटांत कुणी दर खाली आणला की पुन्हा ८ मिनिटं वाढतात. एकेक पैसा उतरत रात्र होऊ शकते. एक पैसा किरकोळ वाटतो ना? १०० मेगावॅटचा प्रकल्प २५ टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला सुमारे २१.९ कोटी युनिट होतात. म्हणजे एका पैशाला वर्षाकाठी जवळपास २२ लाख रुपये, तेही २५ वर्षं. आपला तळाचा दर आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा आणि त्याखाली जाऊ नका.

जिंकल्यावर निवडपत्र येतं, पण ते हातात आलं म्हणून जमिनीचे व्यवहार करून मोकळं होऊ नका. सेकी ही फक्त मध्यस्थ विक्रेती आहे. वीज घेणारी वितरण कंपनी पुढे येऊन सही करेपर्यंत तुमचा खरेदी करार अडकू शकतो. करारासाठी कामगिरीची हमी द्यावी लागते. त्यानंतर कर्जाची जुळवणी, ग्रीडजोडणी आणि काम. ठरलेली तारीख चुकली की त्या हमीतून दंड कापला जातो.

एवढी मोठी झेप नको असेल तर महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आहे. इथेही विकासक बोलीतूनच निवडले जातात, पण प्रकल्प वीज उपकेंद्राजवळचे आणि लहान. शेतकऱ्याला बोली लावायची गरज नाही. जमीन भाड्याने देता येते, हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि त्यावर दरसाल ३ टक्के वाढ. अर्जाआधी सातबारा नीट वाचा. त्यावर चार भावांची नावं असतील तर चौघांची संमती लागेल, पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्याचीसुद्धा.