प्लास्टी-बायपासनंतर लगेच केलेला परफ्युजन स्कॅन

हार्टच्या नळीतलं ब्लॉकेज प्लास्टी किंवा बायपासने मार्गी लावल्यावर पुढच्या काही दिवसांत-आठवड्यांत स्नायूला रक्त नीट पोचतंय का हे बघायचा स्कॅन म्हणजे मायोकार्डियल परफ्युजन इमेजिंग. ठाणे-नवी मुंबईत पेशंट सरसकट थॅलियम टेस्ट म्हणतात, पण आता शिरेतून जातं ते बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य लावलेलं सेस्टामिबी नावाचं औषध, ते हार्टच्या स्नायूत जमतं आणि कॅमेऱ्याला दिसतं. अँजिओग्राफीत नळी दिसते, या स्कॅनमध्ये नळीच्या पुढचा स्नायू दिसतो, आणि प्रोसिजरनंतर सुरुवातीच्या काळात या दोघांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. सगळा घोळ तिथेच होतो.

फोटो दोन काढतात, एक आरामातला आणि एक हार्टला कामाला लावून. कारण नळी ८५-९० टक्के बंद होईपर्यंत आरामात असताना रक्ताचा पुरवठा जवळपास तेवढाच राहतो, पुढच्या बारीक वाहिन्या पसरून सांभाळून घेतात, पण जोर पडला की ५० टक्क्यांच्या वरचं ब्लॉकेजही उघडं पडायला लागतं. ट्रेडमिल जमणार नसेल, म्हणजे जांघेतून प्लास्टी होऊन दोनच दिवस झालेत किंवा गुडघे गेलेत, तर अ‍ॅडेनोसिनसारखं, वाहिन्या पसरवणारं औषध देतात. त्यासाठी आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, कारण कॅफीन औषधाचा असर मारतं. आणि इथेच आपली माणसं फसतात, सकाळी घरून निघताना "अर्धाच कप घेतला हो" आणि अपॉइंटमेंट गेली पुढे. दमा असेल तर ते आधीच सांगायचं, मग बहुतेक डोब्युटामिन, म्हणजे हार्टचे ठोके वाढवणारं औषध वापरतात.

आता मुख्य भानगड. प्लास्टीत नळी उघडायला बलून फुगवताना नळीच्या भिंतीला इजा होते, आतलं अस्तर सोलवटतं, ब्लॉकेजचे बारीक कण पुढे वाहत जाऊन अडकतात, आणि बरेच महिने कमी प्रेशरवर दिवस काढलेल्या बारीक वाहिन्यांची पसरायची ताकद लगेच परत येत नाही. त्यामुळे कॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे प्लास्टी होते तिथे, फ्लो एकदम झकास, टीमी ३ (नळीतल्या प्रवाहाची सगळ्यात चांगली श्रेणी), आणि आठवड्याभराने केलेल्या स्कॅनमध्ये त्याच भागात डिफेक्ट, म्हणजे रक्त कमी पोचल्याचा डाग, असं होऊ शकतं. स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) बसलाय, उघडा आहे, तरी रिपोर्टमध्ये इस्केमिया, म्हणजे रक्तपुरवठा अपुरा. नातेवाईक रिपोर्टमधल्या हार्टच्या गोल रंगीत नकाशावरचा, कमी रक्त दाखवणारा निळा पट्टा बघून हबकतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण तारीख बाजूला ठेवून तो पट्टा वाचताच येत नाही. डॉक्टर आंद्रेआस ग्रुंटझिगने १९७७ मध्ये झुरिचला पहिली प्लास्टी केली, नंतरच्या दशकात थॅलियमवर हे असे डिफेक्ट दिसले आणि काही आठवडे ते काही महिन्यांत आपोआप सुधारलेही, त्यावरूनच चार ते सहा आठवडे थांबा हा सल्ला रुळला. स्टेंट आल्यावर नळी जास्त नीट उघडी राहते म्हणून हे कमी झालं, संपलं नाही. पण तोच डिफेक्ट पाच महिन्यांनी आणि सोबत चालताना छातीत दुखणं, तर मात्र स्टेंटमध्ये परत अडथळा तयार झालाय का हे बघावं लागतं.

अटॅकनंतर टाकलेल्या स्टेंटचं गणित अजून वेगळं. जो भाग मेला तिथे आराम आणि स्ट्रेस दोन्ही फोटोत काळं राहतं, नळी कितीही मोकळी असली तरी. शेजारचा स्नायू जिवंत असतो पण सुन्न झालेला, रक्त पोचतंय आणि तो हलत नाही, काही दिवस-आठवड्यांनी हलायला लागतो. बायपासनंतर हार्टच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा विचित्र हलताना दिसतो, पुरवठा ठीक असला तरी, ते बऱ्याच जणांत असतं. शिवाय कॅमेऱ्याखाली पंधरा-वीस मिनिटं हात डोक्यावर धरून झोपायचं असतं, नुकतंच छातीचं हाड उघडून बंद केलेल्या माणसाला ते म्हणजे शिक्षाच.

यातला कच्चा माल आपल्या घराजवळचा आहे. अणुऊर्जा विभागाचं बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, म्हणजे ब्रिट, वाशीलाच आहे आणि देशभरच्या हॉस्पिटलांना असं सामान पुरवतं. टेक्नेशियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, फक्त ६ तासांचं, साठवून ठेवायची सोयच नाही, म्हणून ६६ तास अर्धायुष्य असलेल्या मॉलिब्डेनम-९९ चा जनरेटर, म्हणजे ज्यात त्याचं टेक्नेशियम तयार होत राहतं ते उपकरण, सेंटरवर आणतात आणि त्यातून लागेल तसं काढून घेतात. याचमुळे पेशंटच्या अंगातलंही २४ तासांत सोळाव्या हिश्श्यावर येतं, त्याआधीच लघवीतूनही बरंच जातं. तेवढा दिवस भरपूर पाणी प्यायचं आणि नातवंडांना मांडीवर घ्यायचं नाही.

करावा की नाही? त्रास काही नसताना "एकदा बघून घेऊ" म्हणून करणं मला तरी पटत नाही. साधारण शिफारस अशी की लक्षणं नसतील तर स्टेंटनंतर दोन वर्षं आणि बायपासनंतर पाच वर्षं रुटीन स्कॅनची गरज नसते. दक्षिण कोरियात जास्त रिस्कवाल्या १,७०६ स्टेंट पेशंटांवर झालेल्या, २०२२ मध्ये छापून आलेल्या चाचणीत निम्म्यांची वर्षाने सरसकट स्ट्रेस टेस्ट करूनही, ती न केलेल्यांच्या तुलनेत दोन वर्षांत अटॅक-मृत्यूच्या हिशोबात फायदा दिसला नाही. उलट पहिल्या महिन्यात छातीत जोरात दुखलं आणि ईसीजी बदलला तर स्टेंटमध्ये गुठळी झालेली असू शकते, तेव्हा स्कॅनच्या रांगेत बसायचं नाही, सरळ कॅथ लॅबवाल्या हॉस्पिटलात जायचं. मधल्या परिस्थितीत, म्हणजे दुखणं धड हार्टचं वाटतही नाही आणि सोडवतही नाही, किंवा तीन नळ्यांपैकी एकच उघडलीय आणि उरलेल्यांचं काय करायचं ते ठरायचंय, तिथे हा स्कॅन खरंच कामाचा. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि अँजिओची सीडी न्यावी, कारण कुठल्या नळीत कधी स्टेंट टाकला हे माहीत नसेल तर रिपोर्ट लिहिणाऱ्याला प्रोसिजरची ताजी इजा आणि नवीन ब्लॉकेज यातला फरक नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही.