निफाडची थंडी आणि रुळातली चीर

जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की नाशिक जिल्ह्याला द्राक्षांची काळजी लागते. मणी तडकू नयेत म्हणून बागांमध्ये शेकोट्या पेटतात. त्याच पहाटे शेजारच्या मुंबई-भुसावळ मार्गावर रूळही तडकू शकतो.

पूर्वी 13 मीटरचे रूळ मधे फट ठेवून जोडत. आता ते वेल्डिंगने सलग असतात. एक किलोमीटर मोकळा रूळ तापमान 30 अंशांनी उतरलं तर जवळजवळ 35 सेंटिमीटर आखडेल. पण रुळाखालचे आडवे स्लीपर आणि खडी त्याला आखडू देत नाहीत, म्हणून ती ओढ त्याच्या पोटातच साठते: मीटरला 60 किलो वजनाच्या रुळात दर अंशामागे सुमारे 1.9 टन. 40 अंशांना बसवलेला रूळ पहाटे 5 अंशांवर आला, की हा ताण 66 टनांवर जातो. धडधाकट रूळ तो सहज पेलतो. आत चीर असेल तर मात्र ती ओढली जाते, आणि वरून भरलेल्या वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, एकेक चाक सुमारे 11 टनांचा भार टाकत जातं. ही चीर बाहेरून दिसत नाही. सोनोग्राफीसारखी ध्वनिलहरींनी तपासणी करावी लागते, तीही ठरल्या वेळी.

खडीचं दुखणं वेगळं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. खडीत चिखल चढला की पाणी निचरत नाही आणि स्लीपर एका जागी काही मिलिमीटर खचतो. 58 वाघिणींची एक मालगाडी, प्रत्येकीला चार आस: त्या एकाच खोलगट जागी प्रत्येक रुळावर 232 ठोके. ठोक्यांनी खोलगट जागा वाढते, ती वाढली की ठोका आणखी जोरात बसतो. आज एका रात्रीत होणारं काम वर्षभर ढकललं, तर शेजारचे स्लीपरही सैल झालेले असतात.

अशा खोलगट जागी बसणाऱ्या हेलकाव्यात रिकामी वाघीण जास्त धोक्याची, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. चाकाला रुळावर दाबून धरायला तिच्यात वजनच नसतं. बाजूचा रेटा वाढला की चाकाची कड रुळावर चढते.

महालेखापरीक्षकांच्या 2022च्या अहवालात गाड्या घसरल्याच्या 1129 चौकशा तपासल्या होत्या. त्यांत सर्वाधिक, 171, प्रकरणं रुळांच्या देखभालीशी निगडित निघाली. मला हा आकडा अस्वस्थ करतो, कारण या कामाची विद्या आपल्याकडे आहे. अडतो तो वेळ. एकाच मार्गावर प्रवासी गाड्या, कोळसा, इंधन आणि लासलगावचा कांदा धावतो. दुरुस्तीसाठी ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून ठेवलेला वेळ, मागावा लागतो, आणि गर्दीच्या मार्गावर तोच सगळ्यात आधी पुढे ढकलला जातो.

तोवर भिस्त चावीवाल्यावर. हातोडा, पाना आणि लाल झेंडी घेऊन तो आपला टप्पा पायी चालतो, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या सैल चाव्या ठोकतो, जोडांवर वाकून बघतो. तडा सापडला की आधी येणारी गाडी थांबवतो.