इंजिन कुणी आणायचं? वेब तंत्रातून डेस्कटॉप ॲप घडण्याची पार्श्वभूमी

व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर, किंवा स्लॅक, डिस्कॉर्ड ही गप्पांची ॲप्स उघडली की सोबत एक अख्खा क्रोमियम ब्राउझर (गूगल क्रोमचा मुक्त गाभा) उघडतो, फक्त पत्त्याची पट्टी दिसत नाही. हे घडतं इलेक्ट्रॉन नावाच्या साधनामुळे. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला जवळपास तोच कोड विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. इथवर येण्याआधी जे प्रयत्न झाले, त्या सगळ्यांना एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं: पान रंगवणारं इंजिन कुणी पुरवायचं?

मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ सोबत एचटीए (एचटीएमएल ॲप्लिकेशन) आणलं. ही साधी एचटीएमएल फाइलच, पण ब्राउझरच्या खिडकीबाहेर चालणारी आणि डिस्कवरच्या फायलींना थेट हात घालू शकणारी. इंजिन विंडोजमध्ये आधीच असल्याने ॲप अगदी छोटं राही. अर्थात विंडोजबाहेर त्याचा काही उपयोग नव्हता. २००८ मध्ये ॲडोबी एअर आलं, तेव्हा इंजिन ॲडोबीने दिलं: वापरणाऱ्याने आधी एअर बसवायचं, मग त्यावर ॲप. ट्वीटडेक याच वाटेने लोकांपर्यंत पोहोचलं. पण ॲपचा पाया वेगळा बसवावा लागे आणि त्याची सगळी सूत्रं ॲडोबीच्या हाती होती.

चित्र बदललं ते क्रोममुळे. २००८ मध्ये क्रोमसोबत व्ही८ हे जावास्क्रिप्ट इंजिन आलं आणि २००९ मध्ये रायन डाल यांनी त्याच व्ही८ वर नोड उभं केलं, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन. पान रंगवणारा क्रोमियम आणि फायली, नेटवर्क सांभाळणारं नोड, दोघांच्या पोटात एकच जावास्क्रिप्ट इंजिन. मग दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये का नकोत? इंटेलमध्ये रॉजर वांग यांनी २०११ मध्ये नोड-वेबकिटचं काम सुरू केलं आणि पुढच्या वर्षी चेंग झाओ हा इंटर्न त्यांना येऊन मिळाला.

इंटेल सोडल्यावर झाओ गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेसाठी काम करू लागले. गिटहब तेव्हा ॲटम हा एडिटर बनवत होतं आणि तो नोड-वेबकिटवर आणायचं काम त्यांच्याकडे आलं. अडचणी इतक्या आल्या, की तो नाद सोडून ॲटमसाठी नवं कवच, म्हणजे क्रोमियम आणि नोड एकत्र बांधणारा प्रोग्रॅम, लिहायचं ठरलं. २०१३ मध्ये ॲटम शेल जन्मलं ते असं, एका एडिटरच्या गरजेपोटी. जगभराच्या ॲप्सचा पाया घालायला कुणी बसलं नव्हतं.

यातलं सर्वांत अवघड काम बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. क्रोमियमचा स्वतःचा इव्हेंट लूप (काही घडलंय का हे सतत बघून त्यानुसार काम सुरू करणारं चक्र) असतो आणि नोडचाही, लिबयूव्ही नावाचा. एका थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, दोन लूप एकाच वेळी फिरू शकत नाहीत. एक वाट बघत थांबला की दुसरा अडतो. नोड-वेबकिटने क्रोमियमच्या लूपच्या जागी लिबयूव्ही बसवलं होतं. पण खिडक्या सांभाळणाऱ्या मुख्य प्रोसेसमध्ये प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमचा लूप वेगळा. ठरावीक वेळाने नोडच्या लूपमध्ये डोकावून बघावं, तर सीपीयू विनाकारण राबतो आणि प्रतिसादही रेंगाळतो. शेवटी झाओंनी क्रोमियमचा लूप जागेवरच ठेवला आणि लिबयूव्हीवर नजर ठेवायला एक वेगळा थ्रेड दिला. नोडकडे काही नवं आलं, की तो थ्रेड क्रोमियमच्या लूपला निरोप देतो. माझ्या मते या सबंध इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती हीच: क्रोमियममध्ये फारशी मोडतोड न करता काम होतं, त्यामुळे नव्या आवृत्त्यांसोबत पुढे जाणं सोपं झालं.

एप्रिल २०१५ मध्ये ॲटम शेलचं नाव इलेक्ट्रॉन झालं. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड जाहीर केला. त्यातला एडिटर एरिक गामा यांच्या झ्युरिकमधल्या टीमने मुळात ब्राउझरसाठी लिहिलेला होता. इलेक्ट्रॉनने त्याला डेस्कटॉपवर आणलं. मे २०१६ मध्ये इलेक्ट्रॉन १.० आलं.

इलेक्ट्रॉनचं उत्तर सरळ होतं: इंजिन प्रत्येक ॲपने स्वतःच सोबत आणायचं. त्यामुळे तिन्ही सिस्टीमवर पान जवळपास सारखंच दिसतं. आपल्यासाठीही हे मोलाचं आहे. क्रोमियममध्ये अक्षरजुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते, त्यामुळे देवनागरी जोडाक्षरांसाठी ॲप बनवणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही. पण छोट्याशा ॲपचाही आकार शंभर एमबीच्या घरात जातो, आणि अशी चार ॲप्स उघडली की मेमरीत चार ब्राउझर. सुरक्षेचा प्रश्नही होता. पानातल्या स्क्रिप्टला नोडची ताकद मिळाली, तर एका चुकीतून सबंध संगणक उघडा पडू शकतो. म्हणून २०१९ च्या पाचव्या आवृत्तीपासून पानाला नोड आपोआप मिळणं बंद झालं आणि २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत पानाचा कोड मूळ ॲपच्या आतल्या कोडपासून आपसूक वेगळा ठेवला जाऊ लागला.

दरम्यान २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतलं, २०१९ च्या अखेरीस इलेक्ट्रॉन ओपनजेएस फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे गेलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये ॲटम बंद झाला. ज्याच्यासाठी कवच घडवलं तो एडिटर गेला, कवच राहिलं.

त्याच २०२२ मध्ये टाउरी १.० हे इलेक्ट्रॉनसारखंच साधन आलं. मागची बाजू रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत, आणि इंजिन पुन्हा ऑपरेटिंग सिस्टीमचं: विंडोजवर वेबव्ह्यू२, मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू, लिनक्सवर वेबकिटजीटीके. ॲप काही एमबींत मावतं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपलं बैठकांचं टीम्स ॲप इलेक्ट्रॉनवरून वेबव्ह्यू२ वर नेलं. फक्त टाउरी वापरणाऱ्याला आता तिन्ही सिस्टीमच्या वेगवेगळ्या इंजिनांवर पान तपासावं लागतं, आणि लिनक्सवर कुठली आवृत्ती मिळेल हे त्या त्या वितरणावर (उबुंटू, फेडोरा वगैरे) अवलंबून असतं.